जवळचं पाणी

फाल्गुन लागला की कोकणच्या किनाऱ्यावर एकच वाक्य कानावर येऊ लागतं: दर्यात मासळी उरली नाही. लिलावाच्या जागेवर टोपल्या कमी होतात, बर्फाची मागणी उतरते, शिमग्यासाठी गावी गेलेले खलाशी लवकर परतत नाहीत. बंदरात उरलेल्या नाखव्यांत मग अंतराची चर्चा सुरू होते. कोण किती वाव खोल पाण्यात गेला, कोण रात्रभर बाहेर राहिला, कुणाला काय लागलं. मासळी जवळ नाही म्हणजे ती लांब आहे आणि ती लांब आहे म्हणजे आपणही लांब जायला हवं, हे म्हणणं इतकं सरळ वाटतं की त्यातली पायरी न् पायरी तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर फायबरची लहान होडी, आउटबोर्ड इंजिन आणि गिलनेट यांवर पोट असलेला माणूस म्हणून मला ते तपासावंसं वाटतं. या कामातून माझं मत असं झालं आहे की फाल्गुन-चैत्रात लहान मच्छीमाराने लांब जाणं हा तोट्याचा धंदा आहे. त्याचा हंगाम जवळच्या पाण्यातच आहे, आणि ते पाणी राखणं हेच त्याचं या दिवसांतलं मुख्य काम आहे.

मासळी विरळ का होते, हे आधी पाहू. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या किनाऱ्याला अन्नाची चंगळ असते. नद्यांबरोबर गाळ येतो, वाऱ्यामुळे समुद्र ढवळतो, खालचं थंड आणि पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्या खायला तारली-बांगड्याचे थवे किनाऱ्याला लागतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा सुगीचा काळ त्यातूनच येतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून हे सगळं उलटं होतं. वारा पडतो, ऊन चढतं, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि ताकावर लोणी तरंगावं तसं खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. अन्न खाली अडकून राहतं, वरचं पाणी स्वच्छ, निळं आणि उपाशी होतं. याची एक खूण किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने पाहिलेली असते: फाल्गुन-चैत्रात पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. पुष्कळांना ती घाण वाटते. प्रत्यक्षात ती ट्रायकोडेस्मियम नावाची सूक्ष्म जीवांची वाढ असते. हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेण्याची ताकद या जीवात आहे, त्यामुळे जिथे पाण्यातला नायट्रोजन संपत आला आहे तिथेही तो वाढू शकतो. म्हणजे हे पट्टे दिसले की वरच्या पाण्यातलं अन्न आटलं आहे, असं समजायला हरकत नाही. थवे विरळ होतात, खोल उतरतात, पांगतात. इथपर्यंत बंदरावरचं म्हणणं बरोबर आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. जाळ्यात मासा आला नाही म्हणजे पाण्यात मासा नाही, असं गिलनेटवाल्याने तरी म्हणू नये. गिलनेट माशाच्या मागे जात नाही, मासा जाळ्यात येतो, आणि जाळं दिसलं तर तो येत नाही. भाद्रपदात पाणी गढूळ असतं, तेव्हा दिवसाढवळ्या टाकलेलं जाळंही भरतं. फाल्गुनात तेच जाळं, त्याच जागी, त्याच वेळी टाकलं तर निवळ पाण्यात ते भिंतीसारखं दिसतं आणि मासा वळसा घालून जातो. पौर्णिमेच्या आसपास रात्रीही तीच गत. अंधाऱ्या रात्री पाण्यात चमक असली तर जाळं स्वतःच उजळतं आणि आपली जागा दाखवतं. म्हणून या महिन्यांत घट कशाची झाली, मासळीची की आपल्या पद्धतीची, हे वेगळं काढता आलं पाहिजे. माझ्या अंदाजाने दोन्हींची झालेली असते. लांब गेल्याने यातली एकही भरून निघत नाही, कारण बाहेरचं पाणी जवळच्यापेक्षाही निवळ असतं. बारीक सुताचं जाळं, सूर्य मावळताना टाकणं आणि उजाडण्याआधी ओढणं, उधाणाचे दिवस धरणं, खाडीच्या मुखाशी पाणी ढवळतं ती जागा हेरणं, एवढ्या गोष्टींनी जो फरक पडतो तो इंजिनाच्या जादा अश्वशक्तीने पडत नाही.

उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, यांचा हिशेब तर आपल्याकडे घराघरात होता. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी पाणी तळाला असतं आणि ज्या वेळा जाळ्यासाठी चांगल्या, त्याच वेळांना खाडीतून पाणी बाहेर पडत असतं किंवा नुकतं आत वळत असतं. फाल्गुनात खाडीचं महत्त्व वाढण्याचं आणखी एक कारण आहे. कोकणातल्या नद्या आखूड, सह्याद्रीतून उतरल्या की लगेच समुद्राला मिळणाऱ्या. पाऊस संपल्यावर चार-पाच महिन्यांत त्यांचं गोडं पाणी जवळपास थांबतं. मग वाघोटन, गडनदी, कर्ली, तेरेखोल या सगळ्यांच्या खाड्यांत खारं पाणी दूर आतपर्यंत चढतं. आषाढ-श्रावणात जिथे समुद्राचा मासा टिकत नाही तिथे आता तो मोकळा फिरतो. बोई, तांबोशी, काळुंदर, मुडदुशे, कुर्ल्या, रेतीत तिसऱ्या, खडकांवर कालवं. समुद्राच्या वरच्या थरात अन्न आटलेलं असताना खाडीत ते असतं, कारण तिथलं अन्न खारफुटीच्या पानांपासून आणि चिखलापासून तयार होतं, त्याला समुद्र ढवळला जाण्याची वाट पाहावी लागत नाही. उपाशी पाण्याच्या शेजारी हा भरला डबा उघडा असतो, आणि आपण त्याला पाठ करून पश्चिमेला निघतो.

वाऱ्याचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो, कारण त्यात जीव गुंतलेला आहे. या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वाहते. ती मंद असते आणि होडीला बाहेर न्यायला सोयीची असते. ऊन वर आलं की जमीन तापते, दुपारपर्यंत वायव्येकडून खारा वारा जोर धरतो आणि समुद्रावर आखूड, उभ्या लाटा उठवतो. मोठ्या ट्रॉलरला त्याचं काही वाटत नाही. उघड्या होडीला वाटतं, कारण वाऱ्यात आडवं होऊन परतताना प्रत्येक लाट आत येते. लांब गेलेली होडी नेमकी याच वेळी, जाळ्यांनी आणि बर्फाने जड होऊन, परतीच्या वाटेवर असते. जवळ काम करणारी होडी तोवर किनाऱ्याला लागलेली असते. इंधनाचंही तसंच. लांब जायचं तर वेळ वाचवण्यासाठी इंजिन ताणावं लागतं, आणि पाण्यात वेग थोडा वाढवायलाही इंधन कितीतरी जास्त जळतं. त्यात लाटांचा विरोध धरा. मग बाहेरून दुप्पट मासळी आली तरी खर्च वजा जाता हातात जवळच्या खेपेपेक्षा कमी उरतं, असं वारंवार होतं. लिलावात मात्र टोपल्या मोजल्या जातात, इंधन कुणी मोजत नाही. त्यामुळे लांब गेलेल्याचं नाव होतं आणि जवळच्या पाण्यावर घर चालवणारा आळशी ठरतो. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

यावर पहिला आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि रंग पाहून मासळी सापडण्याची शक्यता असलेली क्षेत्रं कळवते, ती माहिती मोबाइलवर येते, मग अंदाजाने भटकण्याची गरज काय, असं विचारलं जातं. ही सेवा मला मोलाची वाटते आणि सुरमई-कुप्याच्या मागे जाणाऱ्या मोठ्या बोटींना तिचा उपयोग होतो यात शंका नाही. पण उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा वरचा पापुद्रा. वरचं पाणी तापून एकसारखं झालेल्या दिवसांत बांगडा खाली कुठे उतरला आहे हे त्यावरून नेमकं कळणं अवघड. शिवाय तो सांगतो ती जागा, आणि जागा कळणं म्हणजे तिथे पोचून, जाळं ओढून, वारा उठण्याआधी परतणं नव्हे. लहान होडीसाठी खरा प्रश्न मासा कुठे आहे एवढाच नसतो. आपल्या टप्प्यात कुठे आहे, हा असतो. त्याचं उत्तर आकाशातून कमी आणि खडप, चर, पाण्याचा रंग, पक्ष्यांचा घोळका यांवरून जास्त मिळतं. ही जाण सांगितल्याशिवाय पुढच्या पिढीकडे जात नाही. ती जायची थांबली तर कितीही उपग्रह असले तरी जवळचं पाणी आपल्याला रिकामंच दिसेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि त्यापुढे थोडं थांबायला हवं. किनाऱ्याचं पाणी आणि खाड्या हे पिल्लांचं घर. तिथेच मासेमारी वाढवा म्हणणं म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं खाणं नाही का? हो, आंधळेपणाने केली तर तसंच होईल. गिलनेटच्या बाजूने एवढं म्हणता येतं की त्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचा आकार, मासा निवडतो: आसापेक्षा लहान मासा पार होतो, फार मोठा अडकत नाही. पण ही निवड आस मोठा ठेवला तरच होते. बारीक आसाच्या जाळ्यांना, मग ते खाडीतलं असो, रापणीच्या शेवटच्या भागातलं असो की उत्तरेकडची डोल असो, हा बचाव लागू पडत नाही, आणि पारंपरिक या एका शब्दाआड त्यांना लपवणं मला मान्य नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यात पापलेट किमान १३५ मिलिमीटरचं असायला हवं असं म्हटलं आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्य मासा म्हणून मानही मिळाला. हा नियम फक्त ट्रॉलरने पाळायचा आणि आपण बोटाएवढी पिल्लं टोपलीत भरायची, असं करून जवळच्या पाण्यावर हक्क सांगता येणार नाही. म्हणून माझ्या म्हणण्यात एक अट आहेच: चैत्रात खाडीत आणि किनाऱ्याला काम करायचं तर मोठ्या आसाने, पाण्यातून जिवंत निघणारी पिल्लं आणि अंड्यांच्या कुर्ल्या परत सोडून, आणि खाडीचं मुख आडवं न बांधता. हीच शिस्त कासवांच्या बाबतीतही हवी. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात किनाऱ्याला येतात आणि पिल्लं साधारण याच महिन्यांत समुद्रात उतरतात. जाळ्यात सापडलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्याला शासनाकडून भरपाई मिळते, तेव्हा नुकसानीची सबबही फारशी उरत नाही.

पण पिल्लांचा मुद्दा मान्य केला की तो मुळात कुणाला लावायचा हेही विचारावं लागतं. तळ खरवडत जाणारं ट्रॉल किनाऱ्याजवळ आलं तर एका फेरीत जे उचलतं ते आसाने निवडलेलं नसतं. हा झगडा जुना आहे. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठं आंदोलन उभं केलं. १९८० मध्ये तिथे कायदा झाला, पाठोपाठ १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. ट्रॉलरला बंद असलेला पट्टा महाराष्ट्रात खोलीवर ठरला, पाच वाव, काही भागांत दहा वाव. कागदावर हे शहाणपणाचं आहे, कारण मासा किलोमीटर ओळखत नाही, खोली ओळखतो. प्रत्यक्षात रात्री कुठलं जहाज किती वावांत उभं आहे हे किनाऱ्यावरून सिद्ध करणं फार कठीण. पुढे डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर, म्हणजे थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, मर्यादा आल्या आणि राज्याच्या हद्दीत पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा राहिली. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ च्या सुधारणेने दंड लाखांच्या घरात नेले, आणि २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आली. हे सगळे तुकडे एकत्र ठेवले की एक गोष्ट उघड होते, आणि ती पुरेशी बोलली जात नाही असं मला वाटतं: जानेवारी ते मे हा काळ, कायद्याने, लहान जाळ्यांचा आहे. पर्ससीन बंद, दिवे बंद, उथळ पट्ट्यात ट्रॉल बंद. मासळी विरळ असलेल्या याच महिन्यांत घुसखोरीने होणारं नुकसान सर्वांत जास्त असतं, कारण पांगलेले थोडे थवेही दिव्याखाली गोळा करून एका रात्रीत उचलले जातात. गस्तीचा जोर मात्र पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत जास्त दिसतो, जेव्हा निम्मं काम खवळलेला समुद्रच करत असतो. गस्त खरी हवी ती फाल्गुन-चैत्रात, आणि तीही पहाटेच्या आधीच्या तासांत.

तिसरं म्हणणं पैशाचं: कर्ज घेऊन बांधलेली बोट बंदरात उभी ठेवता येत नाही, हप्ता थांबत नाही. ज्याने तशी बोट घेतली त्याची अडचण मला कळते आणि त्याला दोष द्यायची माझी इच्छा नाही. पण त्यातून निघतं ते एवढंच, की बोट किती मोठी घ्यावी हे सुगीच्या चार महिन्यांवरून ठरवू नये. पातळ हंगामातही जिचा खर्च निघेल तेवढीच बोट लहान कुटुंबाला परवडते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) नोंदींप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्राची मासळी सुमारे दोन लाख टनांवर आली, गेल्या कित्येक दशकांतला तो नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोटी बंदरात अडकवल्या. सुगीच बुडाली तर सगळं वर्ष बुडावं, अशी मांडणी ज्याची असेल त्याला अशी दोन वर्षंही सोसत नाहीत. जवळच्या पाण्याचं उत्पन्न कमी असतं हे खरं, पण ते बरंच खात्रीचं असतं, आणि घर चालतं ते अशा खात्रीवर.

शिवाय या दिवसांचं उत्पन्न फक्त ताज्या मासळीचं नसतं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी याच महिन्यांत होते. ऊन कडक, हवा अजून फार दमट झालेली नाही, रात्री जमिनीवरचा कोरडा वारा: मासळी वाळायला याहून चांगले दिवस नाहीत. शिरोड्याच्या मिठागरांत मीठ पडतं तेही याच उन्हावर. उत्तरेकडे वलांड्यांवर बोंबील टांगले जातात, अंगणांत जवळा पसरतो, दक्षिणेकडे बांगडे आणि लहानसहान मासळी खारवली जाते. लिलावात ज्याला भाव नाही असा मासा वाळवल्यावर पावसाळ्यात चांगल्या दराने जातो, आणि हे काम जवळजवळ पूर्णपणे बायका करतात. तिसऱ्या आणि कालवं काढायलाही ओहोटीला त्याच जातात. मच्छीमारीच्या योजना मात्र इंजिन, जाळं, डिझेल यांच्याभोवती फिरतात. वाळवणासाठी स्वच्छ ओटा, जाळीचं छत, कोरडी साठवण, खडपापर्यंत जायची मोकळी वाट या गोष्टी मागे पडतात. किनाऱ्यावर बांधकामं उभी राहतात तेव्हा सर्वांत आधी वाळवणाची जागा जाते, कारण तिच्यावर कुणाच्या नावाचा उतारा नसतो. वाळवणाची जागा गेली की जवळच्या पाण्यातली निम्मी कमाई गेली, हे हिशेबात धरलेलं मी क्वचितच पाहतो.

म्हणून मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत या विषयावर बोलताना मी तीन गोष्टी मागतो. गस्तीचं वेळापत्रक जानेवारी ते मेच्या पहाटेभोवती आखावं. वाळवणाच्या जागा गावाच्या नावावर नोंदवून घ्याव्यात. आणि सोसायटीने स्वतःच आपल्या खाडीतल्या जाळ्यांचा आस मोजावा, खात्याचा माणूस येईपर्यंत थांबू नये. तिसरी मागणी केली की बैठकीत विरोध होतो, कारण बारीक जाळी आपल्याच भावकीची असतात. तो विरोध मला समजतो. पण दहा वावांच्या आत ट्रॉलर आला म्हणून तक्रार लिहायची असेल तर त्या कागदावर सही करणाऱ्याच्या होडीत कोणतं जाळं पडलं आहे, हे त्या ट्रॉलरचा वकील आधी विचारणार, आणि त्याने विचारण्याआधी आपण एकमेकांना विचारलेलं बरं.